हसऱ्या बाईची डाळ

आमच्या निरगुडसरात लग्न असलं, की आचारी आमटी उतरवायच्या आधी सावळेराम भाऊजींना हाक मारतो. मारावीच लागते. नाही मारली तर हा माणूस शेवटची पंगत उठेपर्यंत फुगून बसतो. हाक आली की भाऊजी उपरणं सावरत चुलवणापाशी जातात, तळहातावर दोन थेंब आमटी घेतात, डोळे मिटून चाटतात आणि सांगतात, "मीठ जरा इकडं-तिकडं झालंय." इकडं म्हणजे जास्त की तिकडं म्हणजे कमी, हे आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही. आचारी शहाणा असतो. तो "बरं, तात्या" म्हणतो, नुसता डाव फिरवतो आणि पुन्हा दोन थेंब देतो. मग भाऊजी म्हणतात, "आता जमलं." एवढ्यावर हा माणूस तीस वर्षं चवीचा जाणकार म्हणून गावात मिरवतोय.

मी त्यांची चुलत भावजय. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि माझी पिठाची गिरणी त्यांच्या ओट्याला लागून. त्यामुळे त्या घरातलं मला सगळं ऐकू येतं. गिरणी चालू असली तर थोडं कमी येतं, मग मी गिरणी बंद करते.

त्यांची बायको लंकाबाई. या बाईच्या हाताला अशी चव आहे, की तिच्याकडे पिठलं शिजलं तरी आमच्या घरची पोरं ताट घेऊन भिंतीपलीकडे जायची. पण एकेचाळीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून तिनं "चांगलं झालंय" हे दोन शब्द ऐकले नाहीत. भाकरी चामट, भात मोकळा नाही, कढी फुटली, वांगं जून, चहा गोड. एकदा तिनं नुसती काकडी चिरून दिली, तर म्हणाले, "चिरताना घाई केलीस." ताटात काय वाढलंय हे बघायच्या आधी यांचा शेरा तयार असायचा. आणि ताट मात्र चाटूनपुसून लख्ख.

ते फाटलं आषाढात. लंकाबाईचा भाऊ आला होता म्हणून तिनं मासवडी केली. मासवडी म्हणजे काही गंमत नाही. बेसन घोटून शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं आणि कापून वड्या करायच्या. वर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. अर्धा दिवस जातो आणि बोटं भाजतात ती वेगळीच. भाऊ जेवला, म्हणाला, "आक्का, जीव निवला." मीही जेवले. सगळ्यांचं झाल्यावर भाऊजींनी चौथी वाटी रस्सा ओरपला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मीठ जरा इकडं-तिकडं झालंय."

लंकाबाईनं हातातला डाव खाली ठेवला. ओरडली नाही की रडली नाही.

"आजपत्तुर म्या कदी काय मागितलं न्हाई," ती म्हणाली. "आता येकच मागती. माज्या हातच्या कुटल्याबी येका गोष्टीला चांगलं म्हना. म्हनाल त्या दिशी म्या ह्या चुलीला हात लावीन."

"खोटं कसं म्हनायचं?" भाऊजी म्हणाले. भावासमोर म्हणाले!

दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून शिनोलीला गेली. त्यांची मुलगी आरती तिथं दिलेली आहे. तिनं आणि जावयानं भीमाशंकरच्या रस्त्यावर खानावळ टाकलीय, आणि श्रावणात गर्दीमुळे तिला हात हवेच होते. आरती आईला घ्यायला टपलेलीच होती.

भाऊजींना वाटलं, चार दिवसांत येईल. पाच दिवस झाले. मुलगा मोहित चाकणला कंपनीत, तो म्हणाला, "आण्णा, इकडं या." पण सुनेच्या हातचं खाऊन नावं ठेवली तर ती भर सोसायटीत उत्तर देईल, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. पहिले काही दिवस मी दोन भाकऱ्या आणि कालवण भिंतीवरून देत होते. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "वैनी, भाकरी जरा वातड लागती." मी म्हटलं, "हो का? उद्यापासून त्रास नको तुमच्या दातांना." भाकरी बंद केली. मी काही लंकाबाई नाही.

मग स्वारी मंचरला गेली. तिथं नवा मार्ट झालाय, गार हवा सोडलेला. तिथून भाऊजी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले आणि मुद्दाम माझ्या गिरणीसमोर, दळण घेऊन आलेल्या बायांच्या देखत त्या ओट्यावर रिकाम्या केल्या. नुसती पाकिटं. दाल तडका, राजमा, पालक पनीर, उपमा, पोहे, पुलाव. सगळ्यांत स्वस्तातली, एकावर एक फुकट, आणि काहींची तारीख संपत आलेली. प्रत्येक पाकिटावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई हसत होती.

"कशाला बाय पायजे माणसाला?" भाऊजी म्हणाले. "पानी उकळा, पाकीट टाका, पाच मिन्टात जेवान तयार. ना धूर, ना बडबड."

पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट पुठ्ठ्याच्या खोक्यासकट उकळलं. पातेल्यात पुठ्ठ्याचा लगदा झाला आणि ती हसरी बाई पाण्यावर तरंगत राहिली. दुसऱ्या दिवशी खोकं काढायचं कळलं. आतून चार डाव डाळ निघाली. खोक्यावर लिहिलं होतं, दोन जणांसाठी. "दोन जन म्हंजी कोन? चिमन्या?" भाऊजी ओरडले. मग रोज दोन पाकिटं फुटायला लागली. पालक पनीरमधला पनीर मोजून तीन तुकडे, तेही चेपलेले खोडरबर असावेत तसे. पोह्यांत गरम पाणी घालून झाकण ठेवायचं होतं. भाऊजी झाकण ठेवून शेतावर गेले आणि दुपारी त्याची खळ झालेली होती. उपमा मात्र त्यांना जमला. त्या उपम्याला कशाचीच चव नव्हती, त्यामुळे बिघडायला काही नव्हतंच.

पोटाचा प्रश्न एकदाचा सुटला. पण भाऊजी सुकायला लागले. कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "मीठ जरा इकडं-तिकडं झालंय." पुन्हा, जरा मोठ्यानं, "मीठ इकडं-तिकडं झालंय!" कोण ऐकणार? पाकिटावरची बाई नुसती हसत होती. शेरा मारायचा आणि समोर कुणाचा चेहरा पडू नये, हे या माणसानं जन्मात अनुभवलं नव्हतं.

आणि मग त्यांना पाकिटाच्या मागे तो नंबर सापडला. तक्रार असल्यास संपर्क साधा.

ते दृश्य मी मेल्यावरही विसरणार नाही. भाऊजी ओट्यावर मांडी घालून बसलेले, पुढे ताट, ताटाशेजारी स्पीकरवर टाकलेला फोन. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी हिंदीत बोलत होती.

"नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"मॅडम, ये दाल में मीठ इधर-उधर हुआ है."

"सर, मतलब कम है या ज़्यादा?"

तीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. भाऊजी गडबडले. माझ्याकडे बघायला लागले. मी दळणात डोकं घातलं.

"वो तुम देखो," ते शेवटी म्हणाले. "हम सांगने का काम किया."

"सर, आपको जो असुविधा हुई उसके लिए हमें बहुत खेद है."

भाऊजींचा चेहरा असा फुलला, की जणू नातू झाल्याचा निरोप आला. "खेद हाय म्हनती!" ते मला म्हणाले. "ऐकलं का वैनी? येवढी मोटी कंपनी, पन खेद हाय म्हनती. आमच्या घरात येकेचाळीस वर्सांत कुनाला खेद झाला न्हाई."

तेव्हापासून रोज दुपारी फोन. राजम्याचं साल जाड. पुलावात वाटाणे सात, चित्रात अकरा. पालकाला वास फडक्याचा. ती मुलगी रोज खेद व्यक्त करायची, तक्रारीचा नंबर द्यायची आणि भाऊजी तो भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचे. कंपनीनं एकदा डाळीची चार पाकिटं फुकट पाठवली, तेव्हा तर त्यांनी ती गावभर फिरवली. पारावर बसून सांगायला लागले, "कंपनीला बी माजी जीब म्हाईत झाली." आणि मग, लोक ऐकतायत असं दिसल्यावर, जिभेला हाडच राहिलं नाही. म्हणाले, "खरं सांगू का, लंकीच्या डाळीपेक्षा ही डाळ बरी. ठेवली दोनी शेजारी, तर मी डोळं मिटून सांगन."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी मी लंकाबाईला फोन केला आणि शब्द न् शब्द सांगितला. चुगली म्हणा हवं तर. मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"कंची डाळ, आक्का?" तिनं विचारलं. "पाकीट कसलं हाय?"

"पिवळं. हसऱ्या बाईचं. दाल तडका."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

श्रावण सरत आला, गणपती आठवड्यावर आले. भाऊजी गिरणीत येऊन उगीच पोत्यांवर बसायला लागले. मीच विषय काढला.

"भाऊजी, गौरी यायच्यात. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील कोण करणार? का गौरीला पाकीट उकळून दाखवणार? तिला वाटलं मीठ इकडं-तिकडं, तर ती कोणत्या नंबरला फोन लावील?"

भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या घरच्या गौरी पाच पिढ्यांच्या, नैवेद्याला सगळी भावकी त्यांच्याकडे जेवते. चूल थंड राहिली तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. आणि मी भिंतीपलीकडेच राहते. मला एवढंही दिसत होतं, की गेले काही दिवस दोन पाकिटांतलं एक तसंच उरत होतं. माणूस उपाशी झोपत होता.

"चांगलं झालंय म्हना म्हनली व्हती," ते खालमानेनं म्हणाले. "तेवढंच ना?"

"तेवढंच."

"वैनी, तुमी येता का संगं?"

मी गिरणीला कुलूप लावलं. असली गंमत चुकवायला मी वेडी नाही.

मंचरहून भीमाशंकरची एसटी मिळाली. घोडेगावपर्यंत भाऊजी सराव करत होते. तोंड उघडायचे, "चां..." म्हणायचे आणि खोकायचे. मग सौदा सुरू झाला.

"वैनी, 'बरं झालंय' म्हनलं तर?"

"नाही चालणार."

"'वाईट न्हाई'?"

"भाऊजी, दोनच तर शब्द आहेत."

"सवय न्हाई वो," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

शिनोलीला उतरलो तर खानावळ भरलेली. पंधरावीस माणसं पत्र्याखाली जेवत होती आणि बहुतेकांच्या ताटात मासवडी. काळ्या मसाल्याचा तो वास बाहेर रस्त्यावर येत होता. भाऊजी चालता चालता एकेका ताटात डोकावत होते. आरतीनं "आण्णा, बसा" म्हणून टेबलावर पाणी ठेवलं. लंकाबाई आतून आली. अंगावर नवं लुगडं, चेहऱ्यावर तजेला. एक गिऱ्हाईक जाता जाता म्हणालं, "मावशी, लई झ्याक झालं व्हतं!" आणि ती "या परत" म्हणाली, इतकं सहज, की जणू असलं बोलणं ती रोज दहादा ऐकत होती. ऐकतच होती.

"जेवा," ती नवऱ्याला म्हणाली. ताट तिनं स्वतः आणलं. भाकरी, भात, कांदा आणि वाटीभर डाळ, वर कोथिंबीर भुरभुरलेली. मासवडी नव्हती. हात पदराला पुसत ती समोर उभी राहिली. आरती आली, जावई आला. मी शेजारच्या बाकावर.

भाऊजींनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली, घास तोंडात घातला. जीभ टाळूला लागली. आता इकडं-तिकडं बाहेर पडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे गच्च मिटले आणि एकदम म्हणाले,

"चांगलं झालंय!"

एकदा बांध फुटल्यावर पाणी थांबेना. "लई चांगलं झालंय! आरे, ह्येला म्हनत्यात डाळ! ही फोडनी, ही... ह्या हाताची फोडनी मी आंधारात वळखीन. त्या पाकिटात काय हाय, रामा? नुसतं रंगीत पानी! महिनाभर जिबेचं मातेरं झालं माज्या. ही खरी चव!" चार टेबलांवरची माणसं वळून बघत होती. जावयानं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते.

लंकाबाई आत गेली आणि परत आली. तिनं भाऊजींच्या ताटाशेजारी एक पिवळं पाकीट ठेवलं, वरून कात्रीनं नीट कापलेलं. त्यावरची बाई हसत होती.

भाऊजी पाकिटाकडे बघत राहिले. घास तोंडातच होता.

"घोडेगावास्नं आनलं," लंकाबाई म्हणाली. "तुमच्याच वानाचं. फोडनी कंपनीची, म्या नुसती कोथमीर टाकली."

मला हसू यायला हवं होतं, आणि आलंही. सगळी खानावळ हसली. पण हसता हसता मला एक गोष्ट लक्षात आली आणि माझं हसू थांबलं. या माणसानं महिनाभर हीच डाळ रोज खाल्ली होती आणि त्याला ती ओळखू आली नाही. म्हणजे त्याला कधीच काही ओळखू येत नव्हतं. लंकाबाईची बोटं एकेचाळीस वर्षं भाजत होती ती कुणासाठी? तिच्याकडे बघितलं, तर हे तिला माझ्या आधी कळलेलं होतं. ती हसत नव्हती.

"आई, वाढ आता त्यांना," आरती हळूच म्हणाली. शेवटी बापच तो.

लंकाबाईनं मासवडी आणली. पाच वड्या, खोलगट वाटीत रस्सा. भाऊजींनी खाली मान घालून खायला सुरुवात केली. आणि यावेळी ते हळू खात होते. पहिली वडी त्यांनी रस्सा न लावता नुसतीच तोंडात धरली. दुसऱ्या घासाला थांबले. मी त्यांना इतकी वर्षं जेवताना बघितलंय, पण जेवणाकडे बघताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखटाचं म्हणावं तर रस्सा अजून वाटीतच होता.

"लंके," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "चांगली झालीया."

लंकाबाईनं रिकामी डाळीची वाटी उचलली.

"डाळबी चांगलीच व्हती की," ती म्हणाली.

तिनं पाणी वाढलं, पदर खोचला आणि जाताना सांगितलं, "गौरीला म्या यीन. तिनं माजं काय वाकडं केलंय? नैवेद दावीन, भावकीला जेवू घालीन, तिसऱ्या दिशी परत हितं यीन. तुमी तुमची पाकिटं आनून ठिवा." तेवढ्यात भीमाशंकरहून आलेली एक जीप थांबली आणि आठ माणसं आत शिरली. ती त्यांच्याकडे वळली.

परतीच्या एसटीत भाऊजी खिडकीशी बसले. मी टोमणा मारायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घोडेगाव गेल्यावर ते म्हणाले, "वैनी, मासवडी खरंच चांगली व्हती."

"मला काय सांगता? तिला सांगा."

"सांगितलं की."

"आधी सांगायचं होतं, भाऊजी."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चष्मा नव्हता, म्हणून सवयीनं स्पीकर लावला. तीच गोड आवाजाची मुलगी.

"नमस्कार सर, दो दिन से आपकी कोई शिकायत नहीं आई. हमारी सेवा के बारे में एक छोटा सा सवाल था. आज के खाने को आप एक से पाँच में से कितने नंबर देंगे?"

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. मुलगी दोनदा "सर?" म्हणाली.

"पाच," ते म्हणाले. "मासवडीला पाच."

"सर, लेकिन मासवडी तो हमारी नहीं है."

"म्हाईत हाय, बाई," भाऊजी म्हणाले. "म्हाईत हाय."

आणि त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला.